मिस्त्रींचं ‘घे’

“नेमकं घोडं कुठं पेंड खातंय, तेवढं मला कळायला हवं,” मुख्य कार्यालयातून आलेला तरुण साहेब म्हणाला आणि त्यानं मांडीवरचा लॅपटॉप उघडला.

मोटारसायकलींच्या त्या शोरूममध्ये खुर्च्या पाच होत्या आणि उत्तरं त्याहून जास्त. विक्रीवाला चष्मेवाला म्हणाला, समोरच्या कंपनीच्या जाहिराती भारी असतात. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, हल्लीच्या पोरांना रंग भडक लागतात. मालकांनी पेट्रोलच्या भावापासून सुरुवात केली आणि खड्ड्यांतून वाट काढत विजेच्या गाड्यांपर्यंत येऊन थांबले. साहेब भराभर टाइप करत होता. प्रत्येक कारणासाठी त्याच्याकडे एकेक चौकोन तयार होता.

मागच्या दारात, वर्कशॉपच्या उंबऱ्यावर, मिस्त्री फडक्याला हात पुसत उभे होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसणं चालूच होतं. त्यांना कुणी काही विचारलं नाही. प्रश्न घटलेल्या विक्रीचा होता आणि मिस्त्री पडले दुरुस्तीतले.

खरं सांगायचं तर या शोरूमची निम्मी विक्री त्याच उंबऱ्यावर होत आली होती. एकतीस वर्षं. गिऱ्हाईक पुढं गाड्या बघायचं, चष्मेवाल्याचं व्याख्यान ऐकायचं, मान डोलवायचं आणि “जरा आलोच” म्हणून मागं यायचं. मिस्त्री कुठल्यातरी गाडीपाशी उकिडवे बसलेले असायचे. “मिस्त्री, घेऊ का?” मिस्त्री विचारायचे, रोजचं अंतर किती, मागं कोण बसणार, रस्ता कसा आहे. मग म्हणायचे, “घे.” बस्स. गिऱ्हाईक पुढं जाऊन सही करायचं आणि चष्मेवाल्याला वाटायचं, आपल्या बोलण्यावर गाडी खपली. मिस्त्रींनी त्याचा हा गोड गैरसमज कधी मोडला नाही.

ते ‘घे’ उगीच तोंडावर फेकलेलं नसे. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी मिस्त्री स्वतः तिची एक फेरी मारून येत. मग इंजिन चालू ठेवून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवत आणि मूठ कानाला लावत, डॉक्टर छाती तपासतो तसं. इंजिनाच्या पोटातलं सगळं त्यांना ऐकू येई. मन भरलं, की टाकीवर दोन बोटं वाजवत, टकटक. ही टकटक गावभर माहीत होती. ती झाल्याशिवाय लोक किल्ली घेत नसत.

गेल्या तीन वर्षांत मात्र मिस्त्रींचं ‘घे’ बंद पडलं होतं. कुणी विचारलं तर म्हणत, “बघ बाबा, तुझं तू.” माणसं काय, शहाण्याला शब्दाचा मार. मागं आलेलं गिऱ्हाईक मागच्याच दारानं निघून जायचं.

याचं मूळ चार वर्षांपूर्वीचं. कंपनीनं नवं इंजिन काढलं आणि ते बाजारात आणण्याआधी ठिकठिकाणचे जुने मिस्त्री कारखान्यात बोलावले. यांनाही बोलावणं आलं. मालक हौसेनं सोबत गेले, नवा शर्ट शिवून. तिथं प्रत्येकाच्या डोक्यावर कंपनीची टोपी घातली. मिस्त्रींनी गाडी मैदानात फिरवून आणली आणि सवयीनं खिशातला स्क्रूड्रायव्हर इंजिनाला लावला. आत मोठं काही नव्हतं. साखळी ताणून धरणारा तुकडा असतो, तिथं एक बारीकशी टिकटिक होती. आजवर तो तुकडा लोखंडी असे, या इंजिनात तो प्लास्टिकचा केला होता. दहा-बारा हजार किलोमीटर निमूट चालेल, मग झिजेल, मग गाडी भर रस्त्यात मान टाकेल. मिस्त्रींना हे सगळं तिथंच, उभ्या उभ्या कळलं.

मग त्यांना स्टेजवर बोलावलं. “सत्तावीस वर्षांच्या अनुभवाला विचारू या,” माइकवाला म्हणाला, “कशी वाटली गाडी?” समोर दोनशे माणसं. पहिल्या रांगेत मालक, सख्ख्या भावाचा सत्कार चाललाय असा चेहरा करून बसलेले. मिस्त्रींनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, “छान आहे.”

टाळ्या पडल्या.

घरी आल्यावर त्यांनी ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली. ती म्हणाली, “अहो, भाजीत मीठ कणभर कमी पडलं तर पाहुण्यांदेखत सांगता. तिथं काय जीभ टाळ्याला चिकटली होती?”

पुढच्या वर्षी तेच इंजिन कंपनीच्या सगळ्या गाड्यांत आलं आणि तक्रारी सुरू झाल्या, तेव्हा तरी मालकांना सांगायचं. पण मग ‘आधी का नाही बोललास’ हा प्रश्न आलाच असता, म्हणून तेही राहून गेलं. सगळ्या जन्मात कंपनीनं एकदाच त्यांचा शब्द मागितला होता आणि त्यांनी तो गिळला होता. याची त्यांना लाज वाटायची.

साहेब जेवायला बसला, तेव्हा मालक वर्कशॉपमध्ये आले आणि एका उलट्या खोक्यावर टेकले.

“तीन महिन्यांत विक्री वाढली नाही तर कंपनीचा बोर्ड उतरवणार म्हणतोय,” ते म्हणाले. “आमच्या वडिलांनी लावलेला बोर्ड.”

मिस्त्री हातातला पाना पुसू लागले.

“मला काय कळत नाही का रे? लोक तुझ्याकडे येतात आणि तोंड पाडून जातात. माझ्याशी काही भांडण आहे का तुझं?”

“नाही मालक. भलतंच काय?”

“मग म्हण ना, घे. एक अक्षर तर आहे. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज हे मागतो.”

मिस्त्रींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

चारच्या सुमाराला फाटकातून एक गाडी आत आली. मिस्त्रींनी मान वर न करताच ओळखली. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांनी टकटक करून दिलेली गाडी आवाजावरून कळणार नाही तर काय? वायरमन गाडीवरून उतरला. आता रिटायर झालेला, पण खांबावर चढायची ऐट तशीच. मागून त्याची मुलगी उतरली. तिला नुकतीच नर्सची नोकरी लागली होती, लांबच्या वस्त्यांवर फिरून लसी द्यायची.

“चष्मेवाल्याचं सगळं ऐकलं,” वायरमन म्हणाला. “काळी पसंत केलीय हिनं. आता तू बोल, म्हणजे सही करून मोकळे होतो.”

“रोज किती फिरायचं, बाळ?” मिस्त्रींनी विचारलं.

“साठ किलोमीटर तरी, काका. निम्मा रस्ता ओसाडच आहे. मोबाइलला रेंज नसते.”

रोज साठ. मिस्त्रींनी मनात हिशेब केला. आठ महिन्यांत बारा हजार. समोर काचेच्या दारात मालक येऊन उभे राहिले होते आणि त्यांच्या खांद्यामागून साहेब डोकावत होता. मालकांचा चेहरा कारखान्यातल्या त्या पहिल्या रांगेतल्यासारखाच होता, फक्त वयानं खूप वाढलेला.

“काय मिस्त्री,” वायरमन हसत म्हणाला, “घेऊ ना?”

“नको,” मिस्त्री म्हणाले.

वायरमनला वाटलं थट्टा आहे. तो हसतच राहिला.

“खरंच नको. समोरच्या दुकानात जा. त्यांची घे.”

“अरे, आमच्या घरात दुसऱ्या कंपनीची गाडी कधी उभी राहिली नाही. ही पोर टाकीवर बसून शाळेत गेलीय. आणि तू, तू मला तिकडं धाडतोस?”

“ओसाड रस्त्यात बंद पडली तर हिला ढकलायला कोण येणार आहे, कंपनी?”

वायरमननं जुन्या गाडीच्या सीटवर हात ठेवला, जणू तिला हे ऐकायला नको होतं. मग मुलीला म्हणाला, “चल,” आणि गाडी चालू न करता फाटकापर्यंत ढकलतच नेली.

मालक वर्कशॉपमध्ये आले. ओरडतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज खाली होता. “का?”

मग मिस्त्रींनी सगळं सांगितलं. टिकटिक, प्लास्टिकचा तुकडा, टोपी, टाळ्या.

“चार वर्षं,” मालक म्हणाले. “तिथंच का नाही बोललास?”

“तुम्ही समोर बसला होतात. तुमच्या तोंडाकडं बघितलं आणि माझं तोंडच उघडेना.”

मालकांनी जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे पाहिलं. “माझ्याकडं बघायला नको होतंस,” ते म्हणाले.

दारातला साहेब जरा अवघडला होता. “हे माझ्या कुठल्याच चौकोनात बसत नाही,” तो म्हणाला. “‘इतर’मध्ये टाकतो. काय लिहू?”

“लिहा,” मिस्त्री म्हणाले. “मिस्त्रीला आवाज ऐकू आला होता. तो बोलला नाही.”

साहेबानं ते लिहिलं की नाही, कोण जाणे. बोर्ड मात्र ठरल्याप्रमाणे तीन महिन्यांनी उतरला. चष्मेवाला समोरच्या दुकानात लागला आणि तिथंही व्याख्यानं देऊ लागला. मालकांनी शोरूमची जागा भाड्यानं दिली, वर्कशॉप ठेवलं आणि फाटकावर हातानं रंगवलेली पाटी लावली, ‘सर्व कंपन्यांच्या गाड्यांची दुरुस्ती’. दुपारी ते तिथंच खोक्यावर पेपर वाचत बसत. पूर्वीपेक्षा कमी बोलत, पण येत रोज.

अशाच एका दुपारी वायरमनची मुलगी समोरच्या कंपनीची गाडी घेऊन आली. गाडी निळी होती, चाकांना वस्त्यांवरचा चिखल लागलेला.

“काय बिघडलं, बाळ?”

“काही नाही, काका. चार महिने झाले, छान चाललीय.” ती जराशी लाजली. “पण बाबा म्हणतात, मिस्त्रीनं टकटक केल्याशिवाय गाडी आपली म्हणायची नाही. आज स्वतःहून म्हणाले, जाऊन ये.”

मालकांनी पेपर थोडा वर धरला.

मिस्त्रींनी इंजिन चालू केलं, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाला लावली. साखळी ताणलेली असते त्या जागी ते जास्त थांबले. तिथं टिकटिक नव्हती. तुकडा लोखंडी होता. एकेकाळी आपल्या गाड्यांत ऐकलेला तो भरलेला, सलग आवाज दुसऱ्याच्या इंजिनातून येत होता. ऐकण्यासारखं आणखी काही उरलं नव्हतं, तरी मिस्त्रींनी बराच वेळ कान काढला नाही.

मग ते उठले, फडक्यानं टाकीवरची धूळ पुसली. फडक्याखालून दुसऱ्या कंपनीचं नाव लख्ख वर आलं. मिस्त्रींनी एकदा मालकांकडे पाहिलं. पेपर तसाच वर होता, पण पान मघापासून उलटलं नव्हतं.

मिस्त्रींनी टाकीवर दोन बोटं वाजवली.