चोवीस नंबरची बाजू

मित्रांनो, मी एक जुना रिंग पाना आहे. दीड वीत लांब, दोन्ही टोकांना एकेक कडे. एका कड्यात सत्तावीस नंबरचा नट बसतो आणि दुसऱ्यात चोवीस नंबरचा. खरे सांगायचे तर चोवीसचा आता बसत नाही. तो का बसत नाही, तेच तुम्हाला सांगायचे आहे. मी फार थकलो आहे. पण ही गोष्ट सांगितल्यावाचून गंजून जावे असे वाटत नाही.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. भट्टीची धग, घणाचा दणका आणि तेलात बुडवताना झालेला चर्र आवाज, एवढेच मला आठवते. तिथून खोक्यात बसून मी नाशिकला आलो आणि तिथल्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात खिळ्याला टांगला गेलो. माझ्या अंगावर चकाकी नव्हती. काळपट, खरबरीत अंग. गिऱ्हाइके यायची, माझ्या शेजारच्या चकचकीत पान्यांना हात लावायची आणि निघून जायची. असे जवळजवळ दीड वर्ष गेले.

१९९४ सालच्या थंडीत एक दिवस तिघेजण दुकानात आले. जवळच्या मखमलाबाद गावचा पुंजाराम, त्याची बायको कुसाबाई आणि कुसाबाईचा धाकटा भाऊ रावजी. पुंजाराम कोबी, फ्लॉवर, मेथी पिकवायचा. आपला आणि शेजाऱ्यांचा माल मुंबईच्या मार्केटला न्यायला त्याने जुना ट्रक घेतला होता आणि रावजी तो चालवायचा. पण ट्रक रस्त्यावर कमी आणि गॅरेजात जास्त असायचा. शेवटी कंटाळून पुंजारामने घराशेजारी पत्र्याची शेड उभारली आणि गाडीचे काम स्वतःच करायचे ठरवले. त्यासाठी हत्यारे हवी होती.

दुकानदाराने एक लाल पेटी उघडून समोर ठेवली. आत बावीस पाने, आरशासारखे. रावजीचे डोळे त्यावरून हलेनात.

"दाजी, हीच घ्या," तो म्हणाला. "सगळे नंबर आले. पुन्हा दुकानात यायचं काम नाय."

पुंजारामने खिशातून कागदात गुंडाळलेला एक नट काढला. ट्रकच्याच पाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, नट होता तो. पेटीतल्या चोवीसच्या पान्यात तो बसवून त्याने पाना हलवला. मग त्याने मला खिळ्यावरून काढले आणि माझ्या कड्यात तोच नट बसवला.

"त्याच्यात नट खुळखुळतो. याच्यात नाय," तो म्हणाला.

"थोडा खुळखुळला तर काय झालं? पेटीच्या पैशात हे सुटे पाने सहाच येतील."

कुसाबाईने दुकानदाराकडे थोडे तेल मागितले, तळहाताला चोळले आणि आधी तो चकचकीत पाना, मग मला घट्ट धरून पाहिले.

"तो हातातून निसटतो," ती म्हणाली. "गाडीखाली हात तेलकटच असणार ना? आणि बावीसातले रोज लागतील किती?"

पुंजारामने बोटांवर मोजले. "सहा."

"मग सहाच घ्या."

जाताना रावजीने मागे वळून पेटीकडे पाहिले, हे मी पाहिले.

मित्रांनो, पुढची पाच वर्षे माझ्या आयुष्यातली कष्टाची आणि मानाची होती. कुसाबाईने आम्हा सहाजणांसाठी गोणपाटाची पिशवी शिवली. प्रत्येकाला वेगळा कप्पा. काम झाले की पुंजाराम आम्हाला रॉकेलने पुसायचा आणि मगच स्वतःचे हात धुवायचा. गाडीचा माल उतरला की मी चाकाजवळचे पाटे सोडवायचो, साफ करून झाले की पुन्हा आवळायचो. आठवड्यामागून आठवडे तेच. अंग ठणकून जायचे. शेजारचे लोक मला मागून न्यायचे आणि म्हणायचे, "पुंजारामभाऊ, तुमचा पाना नटाला धरतो म्हणजे धरतो." तेवढे ऐकले की शीण थोडा हलका व्हायचा.

पुंजारामची एकच अट असायची. मला देताना तो प्रत्येकाला सांगायचा, "याच्यावर हातोडी नाय मारायची. याच्या दांड्यावर पाइप चढवून जोर नाय लावायचा. नट सुटत नसंल तर रॉकेल सोडा अन् थांबा."

थांबणे मात्र सगळ्यांना जमत नाही.

१९९९ च्या जुलैमधली गोष्ट. गाडीत फ्लॉवर भरलेला होता. त्या दिवशी पुंजारामही सोबत होता. घोटी सोडल्यावर ट्रक डावीकडे ओढू लागला. इगतपुरीच्या अलीकडे रावजीने तो बाजूला घेतला. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. समोरचा माणूस दिसत नव्हता. मागच्या चाकाजवळ पाटे आसाला बांधून ठेवणारा यू-बोल्ट ढिला झाला होता. त्याचे दोन नट आवळायचे होते. तेवढ्यात वाऱ्याने ताडपत्री सुटली. पुंजाराम ती बांधायला वर चढला आणि रावजी मला घेऊन गाडीखाली शिरला.

पहिला नट आवळला गेला. दुसरा अर्ध्यावर अडकला. त्याच्या आट्यांत गंज होता. रावजीच्या पाठीखालून पाणी वाहत होते, आणि मार्केटची वेळ टळत चालली होती. त्याने दोनदा जोर लावला. मग हात लांब करून जॅकचा पाइप ओढला, माझ्या दांड्यावर चढवला आणि दोन्ही पायांनी रेटला.

माझे चोवीसचे कडे फाकले. केसाएवढेच, पण फाकले. नटाचे कोपरेही गोल झाले. रावजीने पुन्हा फिरवून पाहिले. मी नटाभोवती नुसताच फिरलो. तो थोडा वेळ तसाच पडून माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने मला पुसले आणि पिशवीत ठेवले.

"आवळला का?" पुंजारामने वरून विचारले.

"आवळला, दाजी."

गाडी निघाली. तो नट ढिला आहे, हे फक्त रावजीला आणि मला ठाऊक होते. पुढे कसाऱ्याचा घाट होता. एवढा भरलेला ट्रक उतारावर, वळणांवर, आणि तो एक नट. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पिशवीत मी जॅकवर आपटत होतो, पण तो आवाज रोजचाच होता.

घाटनदेवीच्या देवळाशी रावजीने ट्रक थांबवला आणि इंजिन बंद केले.

"काय झालं?" पुंजारामने विचारले.

रावजी स्टिअरिंगकडे पाहत म्हणाला, "दाजी, एक नट आवळलेला नाय. मी पाइप लावला. पाना गेला."

पुंजाराम म्हणाला, "घाटात उतरायच्या आधी सांगितलंस ना. बरं झालं. चल, खाली उतर."

इगतपुरीहून मिस्त्री आणायला हवा होता. ते पुंजारामला कळत नव्हते असे नाही. पण अर्धा फेरा तरी बसतो का पाहू, असे त्याला वाटले. त्याचा माझ्यावर भरवसा होता. पाच वर्षांत मी एकदाही घसरलो नव्हतो. गाडीखाली जाऊन त्याने माझे फाकलेले कडे नटावर बसवले आणि पूर्ण जोर लावला.

मी घसरलो.

त्याचा उजवा हात पाट्याच्या धारेवर आदळला. तो ओरडला नाही. फक्त म्हणाला, "रावजी, पाना घे माझ्या हातातून."

करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट, दोन्ही मोडली होती. रावजीने त्याला इगतपुरीच्या दवाखान्यात नेले. मिस्त्रीने तो नट छिन्नीने तोडून नवा बसवला. पुढे प्लॅस्टर निघाले, पण ती दोन बोटे पुन्हा कधी पुरती वळली नाहीत. पुंजारामच्या मुठीतला जोर गेला तो गेलाच.

घरी आल्यावर कुसाबाईने विचारले, "झालं कसं?"

"पाना झिजला होता. घसरला," पुंजाराम म्हणाला.

रावजी दारात उभा होता. तो खाली पाहत राहिला.

मित्रांनो, मला फार वाईट वाटले. मी झिजलो नव्हतो. पण नंतरच्या वर्षांत मला हळूहळू कळत गेले. पुंजारामने खोटे माझ्या माथी मारले, कारण मला सोसणे शक्य होते. भावाबहिणीतली तेढ मात्र त्याला सोसली नसती.

त्यानंतर गाडीचे सगळे काम रावजी करू लागला. पुंजाराम उलट्या क्रेटवर बसून सांगायचा आणि रावजी ऐकायचा. नट सुटला नाही तर तो रॉकेल सोडायचा आणि बिडी पेटवून तासभर थांबायचा. त्याने चोवीसचा नवा पाना आणला. माझी सत्तावीसची बाजू क्वचित लागायची. पुढे तीही लागेनाशी झाली आणि मी एका पत्र्याच्या डब्यात जाऊन पडलो. कोणी मला उचलून पाहिलेच, तर पुंजाराम म्हणायचा, "झिजला हाय तो." अंगावर गंज धरला. तिकडे ट्रकही थकला, पुंजारामही थकला. २००८ मध्ये ट्रक भंगारात गेला. तो ओढून नेला तेव्हा शेडमध्ये तिघेही उभे होते.

त्याच महिन्यात पेठ तालुक्यातला भिका आला. द्राक्षांच्या हंगामात तो वर्षानुवर्षे मखमलाबादला कामाला यायचा, म्हणून ओळखीचा. आता त्याने जुनी जीप घेतली होती. बाजारातल्या नव्या पेट्या बघून तो आला होता; जुनी हत्यारे त्याहून बरी पडतात का, हे त्याला बघायचे होते. कुसाबाईने डबा आणि पिशवी त्याच्यापुढे रिकामी केली. भिकाने एकेक पाना उचलून नीट पाहिला. मग माझ्या चोवीसच्या कड्यात बोट घालून फिरवले.

"ही बाजू मोठी झाली काय?"

"झिजली हाय ती," पुंजाराम सवयीने म्हणाला.

"झिजली नाय," रावजी म्हणाला. "मी बिघडवली. घाईत पाइप लावला होता, इगतपुरीला. दाजींची बोटं त्यानंच गेली. त्या बाजूनं नट आवळू नको, भिका."

कुसाबाईने नवऱ्याच्या वाकड्या बोटांकडे पाहिले, मग भावाकडे. नऊ वर्षे तिला हे कोणी सांगितले नव्हते. रावजी तिच्या बोलण्याची वाट बघत उभा राहिला.

"उभा का?" ती शेवटी म्हणाली. "बस. चहा ठेवते."

ती आत गेली. पुंजारामने मला भिकाच्या हातात दिले. "सत्तावीसची बाजू चांगली हाय," तो म्हणाला. "जा घेऊन."

आता मी पेठकडे भिकाच्या पडवीत असतो. त्याची बायको फुलाबाई हिने माझ्या चोवीसच्या कड्यावर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधली आहे, म्हणजे चुकूनही कोणी ती बाजू नटावर बसवणार नाही. माझे अर्धे अंग आता विसावा घेते, उरलेल्या अर्ध्याने जमेल तेवढे काम करतो.

मित्रांनो, हत्यार घ्याल तेव्हा ते पारखून घ्या, पुसून ठेवा, त्याला झेपेल तेवढाच जोर लावा. आणि इतके करूनही कधी तुमच्या हातून ते बिघडले, तर पुढच्या माणसाच्या हाती देण्याआधी त्याला तसे सांगा. आम्हाला सांगता येत नाही.