छज्ज्यावरचा हेमराज

हेमराजला माणसं वरून बघायची सवय होती. तो मूल गावाजवळच्या एका खेड्यातला, पण धानाच्या बांधीत त्याचा जीव कधी रमला नाही. राइस मिलच्या छताखालचे झरोके, मंगल कार्यालयांची झुंबरं, शाळेच्या हॉलमधल्या वरच्या काचा, जिथं कोणाचा हात पोचत नाही तिथं शिडी लावून चढायचं आणि घाण खाली आणायची, हा त्याचा धंदा. वरून त्याला लोकांची टकलं दिसत, कलप लावलेले भांग दिसत. त्यातल्या एकाही डोक्याबद्दल त्याचं मत बरं नव्हतं.

एटापल्लीच्या अलीकडे रस्त्याला लागून नवं सांस्कृतिक भवन उभं राहिलं होतं. त्याची पहिली काच पाहिली तेव्हाच हेमराज थुंकला. दोन मजले उंच भिंती, आणि त्याही वर, छताला टेकून, चारी बाजूंनी काचांची रांग. त्यांच्याखाली आतून फिरलेला एक अरुंद छज्जा, गुडघाभर कठड्याचा. तिथं जायला जिना नाही. उघडझाप करायची सोय नाही. एक काच बांधतानाच फुटलेली, तिच्यातून पारवे आत शिरले आणि त्यांनी सगळा छज्जा आपल्या नावावर करून घेतला. खालची जमीन उतरती, खुर्च्या बोल्टांनी घट्ट बसवलेल्या. भैयाजी म्हणजे या भवनाच्या देखभालीचा ठेकेदार. त्याने आधी शहरातून माणूस वर उचलायची गाडी मागवली होती. ती भवनाच्या दारातून आतच शिरेना. मग हेमराजला फोन गेला.

"ज्यानं हे बांधलं त्याले एकदा वर न्याले पायजे," हेमराज दिनेशला म्हणाला. दिनेश त्याचा जोडीदार, तिकडच्याच जंगलातल्या गावचा, कमी बोलणारा गडी. शिडी धरायची, बादली भरायची, एवढंच तो करायचा. हेमराज त्यालाही फारसं मोजत नसे.

"वर नेऊन काय करशीन?" दिनेशने विचारलं.

"सोडून देईन तिथीच."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपर्यंत काम चाललं. स्टेजच्या बाजूला जमीन सपाट होती, तिथं शिडी लावून हेमराज छज्ज्यावर गेला. कंबरेचा पट्टा खिडकीच्या लोखंडी चौकटीला अडकवायचा, गुडघ्यावर सरकायचं, पारव्यांची घाण पत्र्याने खरवडायची, मग काच धुवायची. पाण्याची बादली दोरीने वर यायची. खाली सतरंज्या पडत होत्या, माइकवाला हॅलो हॅलो करत होता. आसपासच्या गावांतून नाचाला आणलेल्या बाया बाजूच्या रांगांत येऊन बसल्या होत्या, डोक्यात पिसं खोवून, कपाळाला पट्ट्या बांधून. त्यांना पहाटेच गाडीत घातलं होतं.

अजून दोन बाजू उरल्या असतील, तेवढ्यात भैयाजी धावत आला. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला लाल बिल्ला.

"हेमराज! साहेबाची गाडी फाट्यावर आली. शिडी काढून राह्यलो मी."

"थांबा ना भैयाजी, उतरतो मी."

"टाइम कुठी हाये? तू खाली येशीन, मग शिडी काढा, घाण पुसा. पाहुण्यासमोर तमाशा पायजे का? तिथीच पडून राह्य कठड्यामागं. डोकं वर काढू नको."

"अन् किती वेळ?"

पण भैयाजीच्या माणसांनी शिडी काढलीसुद्धा. बादली वर ओढायची राहिली होती, तिलाही कोणीतरी उचलून नेलं. हेमराजच्या हातात नुसती दोरी उरली. दिनेश काहीतरी बोलायला गेला, तर त्याला शिडीसकट मागच्या दाराने बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

हेमराज छज्ज्यावर आडवा झाला. अर्धा छज्जा अजून घाणीने भरलेला, वर तापलेला पत्रा, आणि हवा यायची ती फक्त फुटक्या काचेतून. खाली नागपूरहून आलेले मोठे साहेब हार घालून घेत होते. दीप लागला. मग भाषणं सुरू झाली. जंगलाच्या लेकरांवर बोलणाऱ्या माणसाने तहसिलीचं नाव दोनदा चुकवलं. दुसऱ्याने पहिल्याचीच वाक्यं पुन्हा म्हटली. तिसरा शाळेतली कविता म्हणायला लागला. हेमराज कठड्याच्या भोकातून बघत होता आणि मनातल्या मनात एकेकाला उतरवत होता. पुढच्या रांगेतला तो जाडा झोपलाय. त्याच्या शेजारचा मोबाइलवर सोन्याचा भाव बघतोय. टाळी वाजवा म्हटलं की वाजवतात, आणि थांबा म्हणायला कोणी नाही म्हणून वाजवतच राहतात. मेंढरं तरी पाणी दिसलं की थांबतात.

पाण्याची आठवण आली आणि त्याची जीभ टाळ्याला चिकटली. घसा खरवडल्यासारखा झाला होता. खोकला आला तो त्याने बाहीत दाबला.

तेव्हा त्याला जाणवलं की कोणीतरी आपल्याकडे बघतंय. नाचणाऱ्या बायांच्या रांगेत, कडेला, एक म्हातारी बसली होती. तिचं नाव सोमारी, हे त्याला नंतर कळलं. ती सरळ त्या भोकाकडेच बघत होती. सगळ्या हॉलमध्ये वर बघणारी ती एकटीच. तिने शेजारणीला कोपर मारलं नाही, बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं आणि तोंड वाकडं केलं, स्टेजकडे. हेमराजला ती बाई आवडली.

मग साहेब बोलायला उठले. त्यांनी वर पाहिलं. धुतलेल्या काचांतून ऊन आत आलं होतं, हे खरंच.

"भैयाजी, भवन फार सुंदर ठेवलंय. एवढ्या उंचावरच्या काचा पुसता तरी कशा?"

भैयाजी माइकजवळ सरकला. "मशीन हाये साहेब. आटोमॅटिक. बटन दाबलं की आपोआप चालते. माणसाचा हात लागत नाई."

टाळ्या पडल्या.

बोलायचं असं हेमराजने काही ठरवलं नव्हतं. पण टाळ्या थांबल्या आणि त्याच्या तोंडून निघूनच गेलं, तेही चांगल्या मोठ्या आवाजात.

"भैयाजी, मशीनले पाणी पाजा ना कोनी. मराले टेकली."

सगळी टकलं मागं झाली आणि त्यांच्या जागी चेहरे आले. हेमराज उठून कठड्यावर बसला, पाय खाली सोडून. केसांत पिसं, अंगभर पारव्यांची घाण. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा हॉल हसला.

"कोण आहे तो?" साहेबांनी विचारलं.

भैयाजीचा चेहरा बिल्ल्याच्या रंगाचा झाला. "तो... मशीनचाच माणूस हाये साहेब."

पाणी मात्र कोणी आणेना. स्टेजवर बाटल्या रांगेने मांडलेल्या, पण साहेबांसमोर कोणी हलावं? तेवढ्यात सोमारी उठली. तिच्या काखेत वाळल्या भोपळ्याचा, पाण्याचा तुंबा होता. ती पहिल्या रांगेसमोरून, साहेबांच्या आणि माइकच्या मधून चालत गेली आणि छज्ज्याखाली उभी राहिली.

"येर," ती गोंडीत म्हणाली. पाणी.

हेमराजने दोरी सोडली. तिने तुंब्याच्या गळ्याला गाठ मारली आणि तो हळूहळू वर गेला. सगळे माना वर करून बघत राहिले. हेमराज घटाघटा प्यायला, हनुवटीवरून ओघळलं ते पुसलंही नाही.

कडी निघाली, दिनेश शिडी घेऊन आत आला. हेमराज उतरायला लागला तर लोक टाळ्या वाजवू लागले. या टाळ्यांनी तो जितका चिडला तितका अख्ख्या सकाळीत चिडला नव्हता. मघाशी मशीनला वाजवत होते, आता माणसाला वाजवतात, हातांना फरक कळत नाही.

साहेब मात्र भैयाजीपेक्षा हुशार निघाले. भैयाजीसाठी आणलेली शाल त्यांनी उचलली आणि हेमराजच्या खांद्यावर टाकली. "हेच आपले खरे हिरो!" ते माइकवर म्हणाले. फोटो निघेपर्यंत त्यांनी श्वास रोखून धरला होता, हे हेमराजला शेजारून नीट दिसलं. त्याने मुद्दाम आणखी जवळ सरकून खांदा त्यांच्या बाहीला घासला.

मग पुढचं भाषण सुरू झालं.

हेमराज तुंबा परत द्यायला सोमारीकडे गेला. "बाई, तुमचा नाच कधी?"

"जेवून झाल्यावर, म्हणते." तिने मोडक्या मराठीत सांगितलं. "त्यायचं जेवण. सकाळपासून म्हणते." मग वरच्या काचांकडे बोट केलं. "तिथून कोण पाह्यते?"

"कोनीच नाई."

"मग काऊन लावले?"

हेमराजला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

"आमी जाऊन राह्यलो," तो म्हणाला. "गाडी तुमच्या गावावरून जाते. येता?"

सोमारी बायांशी गोंडीत काहीतरी बोलली. फार वेळ लागला नाही. एकेक करून त्या उठल्या, बाजूच्या दाराने बाहेर आल्या आणि टेम्पोत शिडीच्या दोन्ही अंगाला बसल्या. कोणी अडवलं नाही, कारण कोणाचं लक्षच नव्हतं. दिनेश स्टिअरिंगला बसला. "भैयाजी पुन्हा बोलावणार नाई आपल्याले," तो म्हणाला.

"अर्ध्या काचा राह्यल्या. बोलावीनच तो. तवा जाऊ नको."

टेम्पो साजाच्या झाडांत शिरला तरी भोंग्याचा आवाज येत होता. आता आपल्यासमोर सादर होत आहे पारंपरिक नृत्य. मग थोडी शांतता. मग पुन्हा तेच, जरा मोठ्याने. नृत्य पथकाने कृपया स्टेजवर यावे.

सोमारीने डोक्यातली पिसं काढली, हेमराजने तिच्या मांडीवर टाकलेल्या शालीत नीट गुंडाळली आणि गावाच्या फाट्याला उतरायचं आहे म्हणून दिनेशला हाक मारली.