तेर्झोचं माप

मित्रांनो, माझी मान वर असली की पेट्रोल वाहतं आणि मान खाली गेली की थांबतं. एवढंच माझं काम आणि एवढंच माझं शिक्षण. मी एक जुना पितळी पेट्रोल कॉक आहे, अंगठ्याएवढा. आत्मवृत्त सांगताना जुन्या वस्तू छाती फुगवतात हे मला ठाऊक आहे. मी मात्र खालमानेनंच सांगणार आहे. माझ्यामुळे एका भल्या माणसाचं नाव पन्नास वर्षं चिखलात पडलं होतं, आणि तेवढी वर्षं मी नुसता चकाकत बसलो होतो.

माझा जन्म इटलीतल्या रोमान्या नावाच्या सपाट मुलखात, कालव्याकाठच्या एका गावात झाला. आमच्या गावात मोटरसायकल स्वयंपाकघरात ठेवतात आणि सासूला अंगणात, असं शेजारच्या गावचे लोक म्हणतात. साफ खोटं आहे. थंडी फार असली तर सासूलाही आत घेतात.

या गावातल्या एका शेडमध्ये चार भावांनी शर्यतीची मोटरसायकल बनवली. नाव ठेवलं 'चिवेत्ता', म्हणजे घुबड. तिचं इंजिन सुरू झालं की कोंबड्या अंडं अर्धवट सोडून पळायच्या आणि पाद्रीबुवा प्रवचनातला 'आमेन' दोन पानं आधीच उरकून खिडकीत यायचे. अशा चारच गाड्या बनल्या. त्यातल्या एकीच्या टाकीखाली मी बसलो.

माझ्या पोटात एक इवलीशी स्प्रिंग असते. ती माझी दांडी, म्हणजे माझी मान, जागेवर धरून ठेवते. मी बनलो त्या दुपारी स्प्रिंगांची बरणी संपत आली होती. तळाशी उरलेली, जराशी दमलेली स्प्रिंग माझ्या वाट्याला आली. तपासणाऱ्यानं मला टेबलावर दोनदा उघडलं, दोनदा मिटलं आणि म्हणाला, "छान!" टेबल हलत नव्हतं ना! मी छान नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. पण कौतुक चाललेलं असताना कोण तोंड उघडतो?

गाडीचा मेकॅनिक होता तेर्झो. घरातला तिसरा मुलगा, म्हणून नावच तेर्झो, म्हणजे तिसरा. त्यानं कानशीनं माझ्या दांडीवर तीन खाचा पाडल्या, न बघताही बोटाला सापडावं म्हणून. त्याचा हात इतका हलका होता की खाचा पडताना मला गुदगुल्या झाल्या.

शर्यतीच्या रविवारी गावचे रस्ते बंद केले, वळणावळणावर गवताचे भारे रचले. शर्यतीत पेट्रोलचंही वजन नडतं, म्हणून तेर्झोनं एनॅमलच्या मापानं मोजून आठ लिटर टाकीत ओतलं. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही.

"पुरेल ना रे?" चालवणाऱ्या उर्बानोनं विचारलं.

"पुरून उरेल. येताना तुझ्या आईला चर्चमधून घेऊन ये."

उर्बानो हसला आणि सुटला. पहिल्या फेरीपासून तोच पुढे होता. आणि मित्रांनो, पहिल्या फेरीपासूनच मी खाली सरकत होतो. इंजिन थरथरायचं, माझी दमलेली स्प्रिंग सुटायची, दांडी केसभर खाली यायची. पुन्हा थरथर, पुन्हा केसभर. सरावाच्या फेऱ्या थोड्या असत, तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आज फेऱ्या पुष्कळ होत्या. मला दात असते तर दातओठ खाऊन धरून राहिलो असतो. शेवटच्या फेरीत, कालव्याच्या वळणावर माझी मान पुरती खाली गेली.

इंजिन खोकलं आणि गप्प झालं. गाडी भाऱ्यांवर आदळली, टाकी फुटली आणि मी मुळासकट उपटून द्राक्षांच्या मळ्यात जाऊन पडलो. तिथून मला उर्बानोचं ओरडणं ऐकू आलं. पाय मोडला होता त्याचा. "पेट्रोल संपलं! तेर्झोनं कमी भरलं!"

टाकीतलं पेट्रोल तोवर जमिनीनं पिऊन टाकलं होतं. जमीन काय साक्ष देणार? साक्ष द्यायची ती मी, आणि मी तर पानांखाली तोंड लपवून पडलो होतो. मोडकी गाडी पुढे भंगारात गेली. कॉक कुठे गेला हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

उर्बानो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. तेर्झोनं शर्यतीच्या इंजिनांना पुन्हा हात लावला नाही. कोपऱ्यावर दुकान टाकून तो सायकलींचे पंक्चर काढू लागला. आणि गावाला एक नवी म्हण मिळाली. दूधवाल्यानं दूध कमी घातलं, तेर्झोचं माप! आईनं पोराच्या पानात दोनच घास वाढले, तेर्झोचं माप! तो स्वतः दारूच्या गुत्त्यात गेला की मालक पेला अर्धा भरून त्याच्यापुढे ठेवायचा आणि सगळा गुत्ता खो खो हसायचा. तेर्झो तो अर्धा पेला निमूटपणे प्यायचा आणि पैसे पूर्ण द्यायचा.

मला हे सगळं कसं कळलं? मळा होता आर्जियाच्या नवऱ्याचा. त्याला मी सापडलो आणि त्यानं मला शिरक्याच्या, म्हणजे व्हिनेगरच्या, पिंपाला बसवलं. आर्जियाचा शिरका असा जहाल, की त्याच्यावरून उडालेली माशी थेट समुद्रापर्यंत शिंकत जायची. शिरका घ्यायला अख्खं गाव यायचं आणि बडबडून जायचं. पिंप काही थरथरत नाही, त्यामुळे माझी मान तिथे कधी घसरली नाही. आर्जिया येईल त्याला सांगायची, "बघा, पन्नास वर्षं झाली, एक थेंब गळत नाही. असा इमानी कॉक बघितलाय कुठे?" तिनं इमानी म्हटलं की मला शिरक्याहून आंबट वाटायचं.

आता उर्बानोच्या मुलीचं, मार्झियाचं सांगतो. ती कवळ्या बनवायची. दात खोटे, पण असे हुबेहूब की घालणाराच रात्री ते काढायला विसरायचा. वडील वारल्यावर तिच्या मनानं घेतलं, की बाबांची चिवेत्ता जशीच्या तशी पुन्हा उभी करायची. धंद्यात आयुष्यभर नकला बनवणारी ही बाई इथे मात्र हट्टाला पेटली. एकही सुटा भाग नवा चालणार नाही, सगळे त्या चार गाड्यांचेच हवेत! नऊ वर्षं ती कोठारं धुंडाळत आणि जुन्या बाजारांत गुडघ्यावर बसून गंजलेले ढीग उपसत हिंडली. इंजिन तिला एका विहिरीवर पाणी उपसताना सापडलं. टाकीत कबुतरं नांदत होती, त्यांना दुसरं घर बांधून दिल्याशिवाय मालक टाकी देईना. सांगाडा एका मठाच्या दाराला अडसर म्हणून लावलेला होता. तो मिळवायला तिनं अकरा जोगिणींचे दात फुकट दुरुस्त केले, असं म्हणतात. मी तीनच धरतो. शेवटी फक्त कॉक राहिला आणि कुणीतरी तिला आर्जियाचं पिंप दाखवलं.

"आर्जियामावशी, हा कॉक मला द्या."

"आणि शिरका मी काय टोपीनं काढू?"

"नवा आणून देते. स्टीलचा."

"स्टीलची चव लागते."

"मग काय हवं ते मागा."

आर्जिया हसली, म्हणजे जे काही उरलं होतं ते तिनं दाखवलं. "वरचे दात. सगळे. आणि हे बघ पोरी, त्या प्रोस्पेराला बसवलेस तसले घोड्याचे नकोत. ती हसली की मला तिला चंदी घालावीशी वाटते."

सौदा झाला. मार्झियानं मला घरी नेऊन घासलं तेव्हा तिच्या बोटाला दांडीवरच्या तीन खाचा लागल्या. बाबांच्या कॉकवर अशाच तीन खाचा होत्या हे तिनं ऐकलेलं होतं. तिचा चेहरा आनंदानं फुलला आणि लगेच आंबला. मी दुसऱ्या कुठल्या चिवेत्ताचा नव्हतो, तिच्या बाबांच्याच गाडीचा होतो. आणि माझ्यावर ज्याची खूण होती, त्याचं नाव त्यांच्या घरात कुणी घेत नसे.

तिला मदत करायला लेथवाला ग्वेर्रीनो यायचा. त्यानं मला दोनदा उघडमीट केलं आणि म्हणाला, "बाई, याची स्प्रिंग ढिली आहे. बदलतो. दहा मिनिटांचं काम."

"खबरदार हात लावशील तर! ओरिजिनल आहे."

"अहो, पण ढिली..."

"ओरिजिनल ढिली आहे!"

अशी ही जुन्या गाड्यांची वेडी माणसं. मोडकं असलं तरी अस्सल हवं. ग्वेर्रीनोनं खांदे उडवले. मी मनात ओरडत होतो, ऐक गं बाई त्याचं! पण पितळेचं मन कोण ऐकतो?

शर्यतीला पन्नास वर्षं झाली म्हणून गावानं सोहळा ठेवला. मार्झिया स्वतः गाडी चालवणार होती. सगळ्या गावासमोर तिनं टाकी काठोकाठ भरली, बाहेर सांडेपर्यंत, आणि मोठ्यानं म्हणाली, "आज कुणी कमी भरलं असं म्हणायला नको!" लोक हसले. तेर्झो तिथे नव्हता. त्या रस्त्यावर तो पन्नास वर्षांत कधी आला नव्हता.

गाडी निघाली. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. इंजिन घुमू लागलं आणि माझी मान केसाकेसानं उतरू लागली. तेव्हा मी धरून राहायचा प्रयत्न केला का? मित्रांनो, हे तुम्ही मला विचारणारच. खरं सांगतो, मला अजून ठाऊक नाही.

कालव्याच्या वळणाच्या जरा अलीकडे इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

गर्दीतून कुणीतरी ओरडलंच, "तेर्झोचं माप!" हशा पिकला. ग्वेर्रीनो धावत आला, त्यानं झाकण उघडून बोट घातलं आणि ओलं बोट वर धरलं. टाकी जवळजवळ भरलेली होती. हशा अर्ध्यावरच थांबला.

मार्झिया वाकली. माझी मान खाली होती. तिनं ती वर केली, गाडी सुरू केली, आणि आता एक डोळा माझ्यावर ठेवून ती चालवू लागली. मी तिच्या डोळ्यांदेखत सरकत गेलो. पुन्हा तसंच झालं. तिनं गाडी कडेला लावली आणि हेल्मेट काढलं. पितळ लाजेनं लाल होत नाही म्हणून, नाहीतर मी त्या दिवशी तांबं झालो असतो.

तिनं तिथेच पाना मागवून मला काढलं आणि मुठीत धरून चालत कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. तेर्झो सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्या घरातलं माणूस दारात बघून तो गडबडून उठला.

"पंक्चर आहे का, बाई?"

तिनं मला त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचा अंगठा तीन खाचांवर गेला आणि तो मागच्या खोक्यावर खाली बसला.

"टाकी काठोकाठ होती, काका," मार्झिया म्हणाली. "मी स्वतः भरली होती. तरी बंद पडली. दोनदा."

तेर्झोनं माझी मान वर केली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं मला टकटक करत राहिला. माझी मान हळूहळू खाली आली. त्यानं पुन्हा वर केली. पुन्हा खाली आली.

"बाबा खोटं बोलले," मार्झिया म्हणाली.

"छे, छे. तुझा बाप खोटं नाही बोलला. पेट्रोल आलंच नाही त्याच्यापर्यंत. त्याला जे जाणवलं ते तो बोलला." तेर्झोनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "अगं, सगळे म्हणायला लागले सातच ओतले, तर मलाही वाटायला लागलं सातच असतील. एकटी इनेस म्हणायची, आठ होते, मी शेजारी उभी राहून मोजले. माझी बायको. रोज म्हणायची. मी तिच्यावर खेकसायचो. एक दिवस मी तिला शपथ घातली, की हा विषय पुन्हा काढायचा नाही. तिनं शपथ पाळली. मरेपर्यंत."

"काका, मला रागवा तरी."

"रागावतो नंतर. आधी ती घंटी दे इकडे."

त्यानं एका जुन्या सायकलच्या घंटीतली स्प्रिंग काढली आणि कापून माझ्या पोटात बसवू लागला.

"पण ती ओरिजिनल..." सवयीनं मार्झियाच्या तोंडून निघालं आणि तिनं जीभ चावली.

"ओरिजिनल!" तेर्झो म्हणाला. "ओरिजिनल चूक तू जपून ठेवलीस म्हणून कळलं हे खरं. आता पुरे."

पन्नास वर्षांचं दुखणं, मित्रांनो, दहा मिनिटांत बरं झालं. मग त्यानं हात धुतले, जाकीट घातलं आणि मला खिशात टाकून तो निघाला. मार्झिया मागोमाग. तो दफनभूमीत गेला. इनेसच्या थडग्याच्या दगडावर तिचा छोटासा फोटो होता, त्याच्याशेजारी त्यानं मला ठेवलं आणि टोपी काढली.

"इनेस, आठच होते."

एवढंच म्हणाला. मला वाटलं, आता तरी हा मला उचलून भिंतीपलीकडे भिरकावेल, निदान एक शिवी देईल. शिवीनं माझं थोडं तरी फिटलं असतं. त्यानं रुमालानं माझ्यावरचा बोटांचा तेलकट डाग पुसला आणि मला मार्झियाच्या हातात दिलं.

आज मी पुन्हा चिवेत्ताच्या टाकीखाली आहे. माझी मान आता हलत नाही. म्हण मात्र गावातून पुरती गेलेली नाही, म्हणी पितळेपेक्षा टिकाऊ असतात. कुणी चुकून ती म्हटली की मार्झिया त्याला धरून बसवते आणि पहिल्यापासून सगळं सांगते. तिचं सांगून संपेपर्यंत त्याचं जेवण निवतं. लोक कौतुकानं विचारतात, गाडी पूर्ण ओरिजिनल आहे का हो? ती म्हणते, "नाही. कॉकमध्ये सायकलच्या घंटीची स्प्रिंग आहे."

तर मित्रांनो, यंत्र बंद पडलं तर आधी माणसाची मानगूट धरू नका. वाकून आमच्याकडे बघा, आम्हाला उघडा, तेल द्या, थकलेलं बदला. आम्ही तक्रार करत नाही म्हणून आम्ही निर्दोष असतो असं नाही. आणि आणखी एक. सारं गाव तुमच्या विरुद्ध बोलत असताना घरातलं एखादं माणूस तुमच्या बाजूनं बोलत असेल, तर त्याला शपथ घालून गप्प करू नका. मला बोलता येत नव्हतं. इनेसला येत होतं.