रामहरीला बघायचा कार्यक्रम

दिशानं रामहरी घडवला तो सासरी आल्यावर, पहिल्याच उन्हाळ्यात. नवऱ्याचा, कल्याणचा, जुना मोबाईल तिला मिळाला होता. त्यातला खेळ सुरुवातीलाच विचारायचा, बाई की पुरुष? तिनं पुरुषावर बोट ठेवलं. रुंद खांदे दिले, काळा रंग, कपाळावर वण, पाठीवर घोंगडी. दुपारी सासू दगडाबाई ओसरीवर आडवी झाली की रामहरी घोड्यावर बसायचा. डोंगर उतरायचा, अनोळखी गावच्या पारावर टेकायचा. कुठं चाललास, कुणासंगं, कवा येशील, कुणी म्हणून विचारायचं नाही. दिशाला पारनेरच्या बाजाराला जायचं तरी धाकटा दीर हर्षल सोबत लागायचा.

खेळात सहा पोरांची टोळी होती, कुठली कुठली, आपापल्या मोबाईलवरून खेळणारी. ती रामहरीला दादा म्हणायची आणि त्याच्याशिवाय लढाईला निघायची नाहीत.

एका रविवारी मोबाईल कल्याणच्या हातात होता, नेमका तेव्हाच निरोप आला. 'रामहरीदादा, थांबलोय तुमच्यासाठी.'

कल्याण ओरडला नाही. दार लोटून घेतलं.

"हा रामहरी कोन?"

दिशाचे हात पिठात होते. "मीच," ती म्हणाली.

त्याला पटेना. म्हणून तिनंच रामहरी उघडून दाखवला. घोड्यावरून उतरवला, चालवला, वळवला. कल्याण डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. आईला, भावाला हाका मारल्या. दिशाही हसली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

हर्षलला खेळ ठाऊक होता. त्यात एक आरसा आहे, त्यापुढं उभं राहिलं की रूप बदलता येतं, पण एकदाच. मागं फिरता येत नाही. करू का ह्याची बाई, असं त्यानं विचारलं. कल्याण म्हणाला, कर, घरची सून गडी होऊन हिंडती हे बरं दिसतं का. राहू द्या, खेळच आहे तो, असं दिशा दोनदा म्हणाली.

"खेळच हाय न्हवं? मग डोळं कशाला भरलं?" कल्याण म्हणाला.

चौघं चटईवर बसली. चहा झाला आणि रामहरीला बघायचा कार्यक्रम सुरू झाला. दगडाबाईनं उंची कमी करायला लावली, नवऱ्याच्या खांद्याच्या वर गेलेली बाई शोभत नाही म्हणून. रंग उजळला. वण पुसला. घोंगडी गेली, केस कमरेखाली आले. नाक काही तिच्या मनास येईना. हर्षलनं तीनदा बदललं.

"हिला बघाया गेल्तो तवा नाकाचं तेवढं राहून गेलं," दगडाबाई दिशाकडं बघत म्हणाली. सगळे हसले, मायेनंच हसले. मग ती गुणगुणू लागली:

हळद लागली गं, लेक पिवळी ती झाली
काल वाऱ्याची हुती, आज दाव्यापाशी आली

लग्नात कल्याणनं ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'राजेश्वरी' लिहिलं होतं. तेच नाव इथं घातलं.

"शेवटचं तूच दाब," म्हणत त्यानं तिचा अंगठा धरला. तिनं दाबलं.

टोळी अजून थांबलेली होती. एकानं विचारलं, दादा कुठंयत. दुसऱ्यानं गाव विचारलं. तिसऱ्यानं फोटो मागितला. चौथ्यानं लिहिलेलं हर्षलनं वाचून दाखवलं नाही, ते कल्याणनं वाचलं आणि मोबाईल खिशात घातला. बाईमाणसानं असलं खेळायचंच कशाला, एवढंच म्हणाला.

आता कंपनीतून आला की तोच खेळतो. पोरांशी गोड गोड लिहितो. ती राजेश्वरीला पैंजण देतात, तलवारी देतात. दगडाबाई शेजारी बसून बघते. गुणाची आहे म्हणते, सांगंल तिकडं जाती.

परवा दिशा चहा घेऊन आली ती तिथंच उभी राहिली.

"अहो, एकदा माझ्याकडं द्या की."

त्यानं दिला. राजेश्वरी उठली, पैंजण वाजवत बाजारातून सरळ निघाली, माणसांकडं न बघता, लांब ढांगा टाकत, वेशीकडं.

कल्याणनं मोबाईल काढून घेतला.

"तुझ्या हातात गेली की गड्यावानी चालती," तो म्हणाला, आणि तिला परत आणून बाजाराच्या मधोमध उभी केली.