टाचणी लागलेला भुंगेरा

सन १९७४ची गोष्ट. नंदनवनच्या बालवाडीत प्रेमिलाबाई सहा वर्षांपासून तात्पुरत्या नोकरीवर होत्या. त्या पावसाळ्यात संस्थेचे पत्र आले. लहान मुलांनी अंगणात हिंडून किडे ओळखावेत असा संच तयार करा; तपासणीत पसंत पडला तर तुम्हाला कायम करू.

भादव्यात बाईंनी कामाला हात घातला. बालवाडीमागे तेव्हा नुसते तरोट्याचे तण माजलेले. मदतनीस पंचफुलाला अक्षर येत नव्हते, पण किडे सगळे येत होते. "हे कुंभारीण वं बाई, मातीचं घर बांधते. हिले हात नोको लावू, गांधीलमाशी व्हय." चित्रकलेचे मास्तर रुपराव काटोलचे. ते एकेक किडा धरत, टाचणीने पुठ्ठ्यावर टोचत आणि बघून बघून चित्र काढत. एका पिशवीत वीस कार्डे, मागे 'कुठे सापडेल' आणि 'बघा, मारू नका'. पंचवीस पिशव्या म्हणजे पाचशे चित्रे. रंगवता रंगवता दिवाळी गेली, संक्रांत गेली. बाईंचे खांदे भरून येत. डोळे मिटले तरी पुढे पाय आणि मिशाच वळवळत.

काम संपले मार्चअखेर. तपासनीस वामनराव यायचे ठरले एप्रिलात.

आदल्या दिवशी बाई एक पिशवी घेऊन सहज मागे गेल्या. तरोटा वाळून काटक्या झालेला, भुई भेगाळलेली. नाकतोडा नाही, चतुर नाही, फुलपाखराचे तर नावच नाही. तिघांचाही जन्म या उन्हात गेलेला, पण एकाच्याही हे डोक्यात आले नव्हते.

"आता कसं जी मास्तर?" बाईंनी दोघांना मागे बोलावून विचारले.

"माह्या पुठ्ठ्यावर वीसही आहेत. टाचण्या काढून सकाळी झुडपात ठेवून देऊ."

"मेलेले?"

"झोपले म्हणू. उन्हाळ्यात कोण झोपत नाही?"

पंचफुला फणकारली. "मले नाई पटत. रांजणाखाली ओल हाय, तिथं पाहा ना. झिंगूर हाय, राती किरकिरते तो, अजून दोन-चार हायेत."

बाईंना पटत होते. पण दोन-चार किड्यांवर वीस कार्डांचा संच कोण पसंत करणार? आठ महिन्यांचा शीण अंगात उतरला होता. त्या एवढेच म्हणाल्या, "ठेवा मास्तर."

रुपरावांनी आठला किडे मांडले. वामनराव छत्री उघडून आले साडेदहाला. सोळा पोरे गळ्यात पिशव्या अडकवून निघाली.

"मुंगी!" एक ओरडला.

"माह्याकडं बी मुंगी!"

मुंग्यांनी अडीच तासांत सगळे झुडूप साफ केले होते. फुलपाखराचा शेवटचा पंख पताकेसारखा डुलत वारुळाकडे चालला होता.

"छान," वामनराव म्हणाले. "मुलं सोळा, कार्ड एक."

तेवढ्यात चिमुकल्या जयाने मूठ उघडली. आत भुंगेरा. घाईत रुपरावांकडून त्याची टाचणी काढायची राहिली होती.

"बाई, याले काहून टोचलं? तुमी तर म्हणता मारू नका."

रुपराव आपल्या चपलांकडे पाहू लागले. मला काय ठाऊक, असे बाईंना म्हणता आले असते. जयाची मूठ तशीच उघडी होती.

"आम्ही ठेवले साहेब," बाई म्हणाल्या. "मीच हो म्हटलं."

वामनरावांनी वहीत काहीतरी लिहिले. "कष्ट दिसतात बाई. पण हे असं..." आणि ते फाटकाकडे वळले.

"साहेब, हे तं पाहून जा!" पंचफुलाने रांजण कलता केला. साहेब थांबले नाहीत. पोरे मात्र ओल्या मातीवर पालथी पडली. झिंगूर निघाला, एक काळा भुंगेरा निघाला, जिवंत. बाईही त्यांच्यात जाऊन बसल्या आणि कार्ड जुळवू लागल्या.

संच नापसंत झाला. वामनरावांची पुढे अमरावतीला बदली झाली. रुपराव काटोलला परतले आणि शेवटपर्यंत संत्र्याच्या पेट्यांवर व्यापाऱ्यांची नावे रंगवत राहिले. पंचफुला एक्क्याऐंशीत वारली. जया नर्स होऊन खापरखेड्याच्या वसाहतीत राहायला गेली. प्रेमिलाबाई कायम झाल्या, पण ब्याऐंशीत, दुसऱ्या शाळेत. त्या पिशव्या त्यांनी बरोबर नेल्या. दर पिशवीत एक कार्ड वाढले होते, बिनचित्राचे: 'उन्हाळ्यात रांजणाखाली बघा. पंचफुलाबाईंनी सांगितले.'