आधी हात, मग सूर

मी बास गिटार बोलतेय. चार तारांची. टेबलावर पालथी पडून बोलतेय, कारण माझी मान धडाला धरून ठेवणाऱ्या चार स्क्रूंपैकी दोन निघाले आहेत आणि तिसऱ्याला दुरुस्तीवाल्याने हात घातलाय. तेव्हा पाल्हाळ लावणार नाही.

माझी मान ॲल्युमिनियमची आहे. इतरांची लाकडाची. लाकूड दमट हवेत फुगतं, चार वर्षांत वाकतं, मग त्याची मनधरणी करत बसा. मी पन्नास वर्षांत केसभर वाकलेली नाही. आमच्यासारख्या थोड्याच घडवल्या. पुढे लोक म्हणाले, जड आहे, हाताला गार लागते. कारखान्याने आम्हाला बनवणं सोडून दिलं.

एक खोड आहे, ती लपवत नाही. मी गार असताना सूर लावला, की वाजवताना ऊब लागून मान जराशी लांबते, तारा ताणतात आणि सूर चढतो. म्हणून मला आधी अर्धा तास हातात धरायचं, मग खुंट्या पिळायच्या. आधी हात, मग सूर.

माझ्या मालकाला हे कुणी शिकवलं नाही. तो दिवसा लेथवर असायचा, धातूचा स्वभाव ओळखायचा. कार्यक्रमाच्या आधी कोपऱ्यात स्टूल ओढायचा, सगळ्यांकडे पाठ करायचा आणि दोन्ही हातांनी माझी मान धरून बसायचा. लोकांना वाटे, शिष्ट आहे. त्याच्या लेकीला वाटे, बाबा माझ्यापेक्षा या लोखंडालाच जास्त धरतात. तिने कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी त्याने मला पेटीत घातलं, ते कायमचं. एकतीस वर्षं मी माळ्यावर होते. गेल्या वर्षी तो गेला आणि लेकीने पेटी उघडली. ती स्वतः बास वाजवते, चांगली वाजवते. बाबांची आठवण म्हणून मला घेऊन दोनदा मंचावर गेली. डिकीतून काढायची, लगेच सूर लावायची आणि पहिल्याच गाण्यात तोंडघशी पडायची. आज सहा वाजता तिसरा कार्यक्रम आहे. सकाळीच तिने मला इथे आणून टाकलं. म्हणाली, लाकडी मान बसवा, ही मला चारचौघांत खाली बघायला लावते.

दुरुस्तीवाला दिवसभर चुळबुळ करत होता. अशी मान त्याने जन्मात एकदाच पाहिली होती, माझ्याच मालकाच्या हातात. शेवटी त्याने मालकाच्या जुन्या जोडीदाराला, ड्रमवाल्याला, फोन केला. मालक त्याला ठोक्या म्हणायचा.

पाच वाजता लेक आली. तिच्या पाठोपाठ काठी टेकत ठोक्या आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "ही त्याचीच."

"ठोक्याकाका ना तुम्ही?" लेक म्हणाली. "बाबा तीन महिने अंथरुणाला होते. आला नाहीत."

"बोलावलं नाही कुणी."

"बोलावणं लागतं होय?"

तिसरा स्क्रू टेबलावर पडला.

मान का काढताय, असं त्याने दुरुस्तीवाल्याला विचारलं. सूर चढतो म्हणून, असं कळल्यावर तो लेकीकडे वळला.

"सूर लावायच्या आधी धरतेस का हिला?"

"धरायचं म्हणजे?"

त्याने अर्ध्या तासाचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती भिंतीला टेकली. बाबा कोपऱ्यात जाऊन काय करायचे, ते तिला आज कळत होतं.

"एकदाच धरली नव्हती त्याने," ठोक्या म्हणाला. आवाजात जुना राग तसाच होता. थंडीचे दिवस होते. सातचा कार्यक्रम, आणि हा पाच मिनिटं आधी उगवला. पेटी उघडली, सूर लावला, उभा राहिला. पहिल्याच गाण्यात सूर वर गेला. लोक हसले. "मी सगळ्यांसमोर म्हणालो, पिऊन आलायस. त्याने नुसतं पाहिलं, पेटी उचलली आणि गेला. आधी कुठे बसला होता, कोण जाणे."

"मी किती वर्षांची असेन?"

"सात-आठ."

मला सगळं ठाऊक होतं. पण कुणी तारा छेडल्याशिवाय मला वाचा नाही, आणि तारा तर सैल सोडलेल्या.

"मी हॉस्पिटलात होते," लेक म्हणाली. "ताप उतरत नव्हता. हात सोडला की मी रडायचे. दुपारपासून बाबा माझे दोन्ही हात धरून बसले होते. मला झोप लागली, तेव्हा गेले."

ठोक्या तिथल्याच एका ॲम्पवर बसला.

"मला बोलला का नाही?"

"तुम्ही विचारलंत?"

दोघेही ताठ. ताठ राहणं हे माझं काम आहे; माणसांना ते परवडत नाही.

दुरुस्तीवाल्याने घसा खाकरला. "चौथा काढू?"

लेकीने घड्याळ पाहिलं. सव्वापाच झाले होते.

"नको. ते तीन परत बसवा."

त्याने स्क्रू आवळले, तारा ताणल्या. गाडी त्यानेच चालवली. मला डिकीत नाही टाकलं. लेक मागच्या सीटवर मला मांडीवर घेऊन बसली, दोन्ही हात मानेवर. शेजारी ठोक्या. एकदाच तो पुटपुटला, "वर धर जरा. तो वर धरायचा." तिने हात वर सरकवले.

सहाला पाच मिनिटं कमी असताना तिने खुंट्या पिळल्या. फक्त एकदा.

आता पहिलं गाणं अर्ध्यावर आलंय. दिवे तापलेत. गेल्या दोन्ही वेळी सूर इथेच सुटला होता. समोर पहिल्या रांगेत ठोक्या काठी सोडून बसलाय, दोन्ही हात गुडघ्यांवर.

सूर हललेला नाही. त्याच्या बोटांनी ठेका धरला.

तुमच्या हाती कधी माझ्यासारखी गार कुणी आली, तर नावं ठेवण्याआधी अर्धा तास धरून बसा. एवढंच मागणं आहे.

पुरे. मला काम आहे.