सासूबाईंचा घास

जमिनीवर पसरलेल्या पुठ्ठ्यावर सील कापणारी सुरी खरवडली आणि सकाळपासून गप्प असलेलं घर बोलतं झालं.

"ए बायको, ये गं," तुमासीने हाक मारली. "ऊब आहे तोवर खाऊन घे."

त्याची ही बायको पाच वर्षांची होती. खरी बायको अलासी वारली, पाठोपाठ सून सिआजाला मुलगी झाली, आणि गेलेलीचं नाव मुलीला मिळालं. त्यांच्या लोकांत नाव आलं की माणूसच परत आलं असं मानत. म्हणून आजोबा तिला बायको म्हणे, बाप आई म्हणे, आणि सिआजा पोटच्या पोरीचा शेंबूड पुसतानाही तिला सासूबाई म्हणे. सासूबाईंच्या आवडीचं जे जे घरात येई, त्याचा पहिला घास पोरीचा. आणि सासूबाईंचा जीव होता तो सीलच्या कच्च्या कलेजीवर.

पोरगी लगबगीने आली, आ वासून बसली. गरोदर सिआजा पोट सावरत मधे आली.

"सासूबाई, थांबा तुम्ही. मामंजी, तिला मांस द्या, चरबी द्या. कलेजी नको."

"का गं? सासूशी भांडलीस?"

"तपासणीत माझ्या केसांत पारा निघालाय. नर्सबाई म्हणाल्या, लांबच्या धुरांड्यांतून वाऱ्याबरोबर येतो, समुद्रात उतरतो, माशांतून सीलमध्ये जातो आणि कलेजीत साठून राहतो. लहान पोरांच्या, पोटातल्या बाळांच्या डोक्याला बाधतो."

"पारा थर्मामीटरात असतो. आमच्या सीलला काय ताप आलाय?" तुमासी हसला. "दिवसभर बर्फातल्या भोकाशी दबा धरून आणलाय मी. दुकानातलं सॉसेज नव्हे. तुझी सासू असती तर तुलाही भरवली असती. ही पोटात होती तेव्हा भरवलीच की. स्वतःला घास उतरत नव्हता, तरी तुझ्या तोंडात घालायची. बाळाला रक्त होईल म्हणायची."

सिआजा खाली बसून पोरीच्या स्वेटरची बटणं लावू लागली. पोरीला ती अजून लावता येत नव्हती. चालायलाही ती उशिरा लागली होती, आणि बोलता बोलता शब्द सापडेनासा होऊन मधेच थांबे. हे पाऱ्यामुळेच का, असं सिआजाने नर्सला विचारलं होतं. असेल, नसेल, एका मुलावरून सांगता येत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

तुमासी त्या बटणांकडे बघत राहिला. त्याचं हसू विरलं.

"हे तू आधी नाही बोललीस."

"काय बोलू, मामंजी? कुणाला बोलू?"

त्याने कलेजीचा तुकडा पोरीसमोरून ओढून घेतला. टाकून देणं शक्य नव्हतं. टाकलेल्या मांसाचा सीलला राग येतो, पुन्हा तो भोकाशी फिरकत नाही. "मला कुठे आता बाळ व्हायचंय," म्हणत त्याने तो स्वतःच्या तोंडात कोंबला आणि मान खाली घालून चावत राहिला.

पोरीने तोंड मिटलं. आधी आजोबाकडे पाहिलं, मग आईच्या पोटाकडे.

"सिआजा," ती म्हणाली. सासू सुनेला हाक मारते तशी ती आईला नावानेच हाक मारी. "मी... मी भरवायची तुला?"

"हो, सासूबाई. प्रेमाने भरवायचात."

पोरगी बराच वेळ शब्द शोधत राहिली.

"मग मी तुला... वाईट घास दिला का?"